भांग, गांजा आणि ‘हेम्प’ : कायद्याची रेषा आणि शेतकऱ्याची जोखीम

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम येथील दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात गेल्या काही वर्षांत ‘हेम्प’ या नावाची अनेक उत्पादने दिसू लागली आहेत. सोललेले बी, बियांचे तेल, पीठ, तंतूंचे कापड व पिशव्या, त्वचेला लावावयाची तेले आणि ‘विजया’ नावाची आयुर्वेदिक औषधे हे सर्व उघडपणे, देयकासह विकले जाते. हा व्यापार पाहून ‘हे पीक आता कायदेशीर झाले’ असा समज शेतकऱ्यांत पसरत आहे. लागवडीचे बियाणे देऊ, माल हमीभावाने उचलू, परवान्याची काळजी करू नका, अशी आश्वासने देणारे मध्यस्थही गावोगावी पोहोचत आहेत.

हा समज अत्यंत धोकादायक आहे. एखादे उत्पादन दुकानात विकता येते, याचा अर्थ ते ज्या रोपापासून मिळते ते रोप कोणालाही शेतात लावता येते असा होत नाही. भारतात या वनस्पतीच्या प्रत्येक भागाला वेगळा कायदा, वेगळे खाते आणि वेगळा परवाना लागू होतो. ही विभागणी विस्तार कार्यकर्त्यांना नेमकी माहीत असणे आवश्यक आहे, कारण येथील चुकीची किंमत दहा वर्षांपर्यंतचा सश्रम कारावास इतकी असू शकते.

आधी नावांचा घोळ

‘हेम्प’ हा इंग्रजी शब्द अनेक तंतुपिकांना लावला जातो आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते. महाराष्ट्रात हिरवळीच्या खतासाठी पेरला जाणारा ताग किंवा बोरू हा इंग्रजीत ‘सनहेम्प’ म्हणून ओळखला जातो. ते शेंगवर्गीय पीक असून त्याचा भांगेशी कोणताही संबंध नाही. अंबाडीची पाने भांगेच्या पानांसारखी हाताच्या पंजाप्रमाणे विभागलेली असतात आणि तिच्या शास्त्रीय नावातही ‘कॅनाबिनस’ हा शब्द आहे. तरीही ती भेंडीच्या कुळातील निराळी वनस्पती आहे. ‘मनिला हेम्प’ हा तर केळीच्या एका जातभाईचा तंतू आहे. या तिन्ही पिकांवर अमली पदार्थविषयक कायद्याचे बंधन नाही.

बंधन आहे ते ‘कॅनाबिस’ या प्रजातीवर. औद्योगिक हेम्प, भांग आणि गांजा ही तीन निरनिराळी झाडे नसून वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती एकाच वनस्पतीची रूपे व भाग आहेत. खोडाच्या सालीतून तंतू मिळतो, बियांतून तेल मिळते, पानांपासून भांग होते, मादी रोपाच्या फुलोऱ्यापासून गांजा होतो आणि त्यावरील राळ वेगळी काढली की चरस होतो. नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य प्रामुख्याने फुलोऱ्यातील सूक्ष्म ग्रंथींत साठते. बियांच्या गरात ते नसते. जे अंश सापडतात ते बियांच्या कवचाला चिकटलेल्या राळेचे असतात.

केंद्रीय कायदा काय सांगतो

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजे प्रचलित भाषेत एनडीपीएस कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमलात आला. त्यातील व्याख्येनुसार ‘गांजा’ म्हणजे या वनस्पतीचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांची जोड नसलेली बिया व पाने या व्याख्येतून वगळलेली आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पाने अशाच रीतीने वेगळी ठेवलेली आहेत. पाने वगळली गेल्यामुळेच भांगेचा विषय केंद्राच्या अमली पदार्थ कायद्याकडे न राहता राज्यांच्या उत्पादन शुल्क कायद्यांकडे राहिला.

परंतु याच कायद्यात ‘कॅनाबिस वनस्पती’ची व्याख्या स्वतंत्रपणे दिली असून ती ‘या प्रजातीतील कोणतीही वनस्पती’ इतकी व्यापक आहे. कलम ८ नुसार या वनस्पतीची लागवड निषिद्ध आहे; वैद्यकीय व वैज्ञानिक प्रयोजनासाठी, कायद्याने ठरविलेल्या पद्धतीने आणि परवान्यानुसार केलेली लागवड एवढाच तिला अपवाद. कलम १० अन्वये अशी लागवड, उत्पादन, बाळगणे, वाहतूक व विक्री यांचे नियमन करण्याचा अधिकार राज्य शासनांना आहे. त्यातून चरस मात्र वगळला आहे. कलम १४ अन्वये केवळ तंतू किंवा बी मिळविण्याच्या औद्योगिक प्रयोजनासाठी अथवा उद्यानविद्येच्या प्रयोजनासाठी शासन सर्वसाधारण किंवा विशेष आदेशाने, अटींसह, लागवडीला मुभा देऊ शकते.

येथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, पाने ‘गांजा’च्या व्याख्येबाहेर असली तरी पानांसाठी रोप लावणे कायद्याबाहेर जात नाही. भांगेसाठी केलेली लागवड कलम ८ च्या अपवादात बसत नाही आणि कलम १४ मध्येही बसत नाही. दुसरी, एनडीपीएस कायद्यात टीएचसीच्या टक्केवारीची कोणतीही मर्यादा नाही. ‘आमच्या वाणात टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी आहे, त्यामुळे परवाना लागत नाही’ हा मध्यस्थांचा युक्तिवाद कायद्यात टिकत नाही. टीएचसी कमी असणे ही काही राज्यांनी परवान्यासोबत घातलेली अट आहे. ती परवान्याला पर्याय ठरत नाही.

शिक्षा आणि कळविण्याचे कर्तव्य

बेकायदा लागवडीसाठी कलम २० मध्ये दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. गांजा बाळगण्याच्या गुन्ह्यात प्रमाणानुसार शिक्षा बदलते. एक किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ मानले जाते व त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. वीस किलो हे ‘व्यापारी’ प्रमाण असून त्याहून अधिक माल आढळल्यास किमान दहा व कमाल वीस वर्षे कारावास आणि एक ते दोन लाख रुपये दंड आहे. लागवडीच्या गुन्ह्यात मात्र अशी प्रमाणवार प्रतवारी नाही. उसाच्या फडात, हळदीत किंवा तुरीच्या ओळींत लपवून लावलेली थोडीशी रोपे ‘अल्प प्रमाण’ म्हणून सुटतील, अशी समजूत कोणी बाळगू नये.

विस्तार कार्यकर्ते व ग्रामपंचायत सदस्यांसाठी कलम ४६ आणि ४७ विशेष महत्त्वाची आहेत. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाल्याचे माहीत असूनही जमीनधारकाने ती पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळविली नाही, तर तो शिक्षेस पात्र ठरतो. जमीन खंडाने किंवा बटईने दिली असली तरी मालकाने डोळेझाक करून चालत नाही. कलम ४७ हेच कर्तव्य प्रत्येक शासकीय अधिकारी, पंच, सरपंच आणि अन्य ग्राम अधिकाऱ्यावर टाकते. कृषी सहायकाच्या शेतभेटीत अशी लागवड निदर्शनास आली, तर ती तत्काळ कळविणे हा कायद्याने घालून दिलेला भाग आहे.

एक प्रदेश, चार कायदे

राज्यागणिक नियम कसे बदलतात याचे उत्तम उदाहरण म्हणजे राष्ट्रीय राजधानी प्रदेश. त्यात संपूर्ण दिल्ली आणि हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान या राज्यांचे काही जिल्हे येतात. एनडीपीएस कायदा चारही ठिकाणी एकच आहे. भांगेसाठी मात्र दिल्लीत २००९ चा अबकारी कायदा, नोएडा व गाझियाबादला उत्तर प्रदेशाचा १९१० चा, गुरुग्राम व फरिदाबादला पंजाबचा म्हणून १९१४ साली झालेला व हरियाणाने स्वीकारलेला, तर अलवर व भरतपूरला राजस्थानचा १९५० चा कायदा पाहावा लागतो.

उत्तर प्रदेश आणि राजस्थानात भांगेची शासनमान्य परवानाधारक दुकाने आहेत. अशा दुकानाचा परवाना त्या राज्यापुरता, ठरावीक जागेपुरता व ठरावीक मुदतीपुरता असतो. तेथे घेतलेल्या मालाचे देयक राज्याची सीमा ओलांडली की संरक्षण देईलच असे नाही, कारण पलीकडे दुसऱ्या राज्याचा उत्पादन शुल्क कायदा सुरू होतो.

महाराष्ट्रात हा फरक आणखी ठळक आहे. येथे १९४९ चा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम लागू असून त्यातील ‘मादक औषधिद्रव्य’ या व्याख्येत या वनस्पतीची पानेसुद्धा येतात. विनापरवाना भांग बाळगणे किंवा विकणे हा राज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना भांग एनडीपीएसच्या कक्षेत येत नसल्याचे म्हटले होते. समाजमाध्यमांवर ते ‘भांग कायदेशीर झाली’ अशा रूपात फिरले. केंद्रीय कायद्यातून सुटलेली वस्तू राज्याच्या कायद्यात अडकू शकते, हे त्या प्रसारात कोणी सांगितले नाही.

दुकानातील माल कोणत्या नियमाने विकला जातो

अमेरिकेतील काही राज्यांप्रमाणे ग्राहकाला गांजा विकणारी परवानाधारक ‘डिस्पेन्सरी’ भारतात अस्तित्वात नाही. दिल्लीतील दुकानात जे कायदेशीररीत्या मिळते ते पुढील गटांपैकी एकात मोडते.

तंतू व कापड : यात खोडाच्या तंतूचाच वापर असल्याने अन्न किंवा औषध परवान्याचा प्रश्न येत नाही. तंतू कोणत्या परवानाधारक लागवडीतून किंवा आयातीतून आला, याची कागदपत्रे मात्र उत्पादकाकडे असावी लागतात.

बी, तेल व पीठ : भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचे बी, बियांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, तसेच सीबीडी हे द्रव्य किलोमागे ७५ मिलिग्रॅमच्या आत असावे, अशी मर्यादा आहे. वेष्टनावर नशेचा सूचक दावा करता येत नाही. प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक वेष्टनावर असणे अनिवार्य आहे. सीबीडीची ही मर्यादा इतकी कमी आहे की ‘सीबीडी तेल’ म्हणून विकले जाणारे अर्क अन्नाच्या परवान्यावर विकणे शक्य नाही.

विजयायुक्त औषधे : आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीतील विषारी द्रव्यांच्या यादीत बिया वगळून भांगेचा समावेश आहे. अशी औषधे बनविण्यास राज्याच्या आयुष अनुज्ञापन प्राधिकाऱ्याचा उत्पादन परवाना लागतो आणि ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सावधगिरीची सूचना वेष्टनावर इंग्रजी व हिंदीत छापावी लागते.

भांग : ही केवळ ज्या राज्यात परवानगी आहे तेथे, उत्पादन शुल्क खात्याच्या परवानाधारक दुकानातच विकता येते.

या चारही गटांतील कोणताही परवाना शेतकऱ्याला लागवडीचा अधिकार देत नाही. खाण्यासाठी विकलेले बी शेतात पेरले, तर खरेदीचे देयक बचाव ठरणार नाही. उलट ते हेतुपुरस्सर लागवडीचा पुरावा ठरू शकेल.

लागवडीची दारे कोठे उघडली

केंद्राच्या २०१२ च्या राष्ट्रीय अमली पदार्थ धोरणात कमी टीएचसी असलेल्या वाणांच्या संशोधनाला व चाचण्यांना उत्तेजन देण्याची भूमिका घेण्यात आली. त्यानंतर उत्तराखंडने २०१८ मध्ये व्यापारी हेम्प लागवडीला परवानगी देण्यात पुढाकार घेतला. तेथे जिल्हा प्रशासनाचा परवाना आवश्यक असून पिकातील टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत राहणे बंधनकारक आहे. मर्यादा ओलांडलेले पीक नष्ट केले जाते. जम्मूच्या छठा येथील प्रक्षेत्रावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची भारतीय समवेत औषध संस्था वैद्यकीय उपयोगासाठी परवानगीने लागवड व संशोधन करीत आहे. हिमाचल प्रदेशात विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये नियंत्रित लागवडीविषयीचा समितीचा अहवाल स्वीकारला आणि जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूर व नौणी येथील कृषी व उद्यानविद्या विद्यापीठांमार्फत पथदर्शी अभ्यासास मान्यता दिली.

महाराष्ट्रात शेतकऱ्याला व्यापारी लागवडीचा परवाना देणारी अशी व्यवस्था लागू झालेली नाही. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने शेतमालाला भाव मिळत नसल्याचे कारण देऊन दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. त्या अर्जाची बरीच चर्चा झाली. भावाचे दुखणे खरे होते. परंतु मुदतीत उत्तर न आल्यास परवानगी गृहीत धरण्याची सोय या कायद्यात नाही. अर्ज प्रलंबित असतानाची लागवड ही बेकायदाच असते.

इतिहास पाहिला तर परवान्याची पद्धत नवी नाही. १८९३-९४ च्या भारतीय हेम्प औषधिद्रव्य आयोगाने देशभर पाहणी केली, तेव्हा मुंबई इलाख्यात नगर भागात आणि मध्य प्रांतात खंडव्याकडे गांजाची नियंत्रित लागवड होत होती. आयोगाने संपूर्ण बंदीऐवजी परवाने व करांच्या मार्गाने नियंत्रणाची शिफारस केली होती. आजचा कायदा मात्र १९८५ चा आहे आणि पूर्वापार वहिवाटीचा दावा त्यापुढे टिकत नाही.

०.३ टक्क्यांची अवघड रेषा

परवाना मिळालेल्या राज्यातही हे पीक सोपे नाही. ०.३ टक्के हा आकडा अर्नेस्ट स्मॉल व आर्थर क्रॉनक्विस्ट या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचविला. नशा येण्याची किंवा न येण्याची ती नैसर्गिक सीमा नव्हे. पुढे अनेक देशांनी तीच रेषा कायद्यात घेतली. अमेरिकेच्या २०१८ च्या कृषी कायद्यातही ती आली.

रोपात टीएचसी आणि सीबीडी ही दोन्ही द्रव्ये एकाच पूर्वद्रव्यापासून तयार होतात. फुलोरा पक्व होत जातो तसे सीबीडीबरोबर टीएचसीही वाढते. त्यामुळे नमुना घेतल्यावर काढणी लांबली तर मर्यादेत असलेले पीक मर्यादेबाहेर जाऊ शकते. वनस्पतीचे नर व मादी झाड वेगळे असते आणि परागीभवन वाऱ्याने होते. पराग काही किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात. उत्तर भारतात, दिल्लीत यमुनाकाठीही, रानटी भांग मोकळ्या जागांत व बांधांवर मुबलक उगवते. अशा परिसरात घरचे बी राखले तर पुढील पिढीत टीएचसी वाढण्याचा धोका असतो. प्रमाणित बियाणे, विलगीकरण अंतर आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा या तीन गोष्टींशिवाय परवाना कागदावरच राहतो.

अमेरिकेतील अनुभवही हेच दाखवितो. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून प्रौढांना परवानाधारक दुकानांतून विक्री सुरू झाली. तेथे प्रत्येक रोपाला ओळखपट्टी, लागवडीपासून विक्रीपर्यंतची संगणकीय नोंद, प्रयोगशाळा तपासणी, मुलांना न उघडता येणारे वेष्टन आणि २१ वर्षांची वयोमर्यादा अशी नियमांची साखळी आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये बंधने सैल केली आणि २०२५ मध्ये गांजाच्या फुलोऱ्यासाठी पुन्हा वैद्यकीय चिठ्ठी बंधनकारक केली. धोरण उलटू शकते, आणि तेव्हा गुंतवणूक करून बसलेल्या उत्पादकाला त्याची झळ आधी लागते.

विस्तार कार्यकर्त्यांनी विचारावयाचे प्रश्न

एखादी कंपनी किंवा मध्यस्थ लागवडीचा प्रस्ताव घेऊन आल्यास पुढील बाबी लेखी स्वरूपात मागाव्यात.

१. राज्य शासनाचा कलम १० किंवा १४ खालील आदेश कोणता? त्याचा क्रमांक व दिनांक काय?

२. परवाना कोणाच्या नावावर आहे? त्यात त्या शेतकऱ्याचा गट क्रमांक व क्षेत्र नमूद आहे काय? दुसऱ्या राज्यातील किंवा कंपनीच्या नावावरील परवाना उपयोगाचा नाही.

३. बियाण्याचा स्रोत, वाण आणि टीएचसी तपासणीचा अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा आहे?

४. पीक मर्यादेबाहेर गेल्यास नष्ट करण्याचा खर्च व नुकसान कोण सोसणार?

५. खरेदीदाराकडे तो भाग खरेदी, साठवणूक व वाहतूक करण्याचा परवाना आहे काय? बी घेणाऱ्याला फुलोरा घेता येत नाही.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाली नाहीत, तर पुढील चर्चा थांबवावी. आगाऊ रक्कम, बियाण्याचे पैसे किंवा कोऱ्या करारावर सही देऊ नये.

बांधावर आपोआप उगवलेल्या रोपांबाबतही काळजी घ्यावी. केवळ रोपे उगवलेली आढळणे म्हणजे लागवड नव्हे, ती केल्याचे सिद्ध व्हावे लागते, असे न्यायालयांनी काही प्रकरणांत म्हटले आहे. तथापि न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येऊ न देणे हेच शहाणपणाचे. अशी रोपे फुलोऱ्यापूर्वी इतर तणांसोबत उपटून शेतातच कुजवावीत. ती सुकवून घरी किंवा गोठ्यात ठेवू नयेत. रोपे संख्येने अधिक असतील किंवा ओळीत लावल्यासारखी दिसत असतील, तर हात लावण्यापूर्वी पोलीस ठाण्यास लेखी कळवून पोच घ्यावी.

तंतू, तेल आणि औषध या तिन्ही अंगांनी हे पीक उपयुक्त आहे यात शंका नाही, आणि पालमपूर, नौणी व जम्मू येथील अभ्यासांतून भारतीय हवामानाला साजेशा वाणांची व लागवड तंत्राची माहिती पुढे येऊ शकेल. तोपर्यंत तंतुपिकात रस असलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी ताग आणि अंबाडी यांच्याकडे वळावे. जमिनीचा कस राखणारी, बाजाराची ओळख असलेली आणि कोणत्याही परवान्याची गरज नसलेली ही पिके हाताशी असताना शासन आदेशाशिवाय भांगेचे एकही रोप लावू नये.